टसरच्या पानावरची चूक

शहापूर, ५ जुलै २००९

प्रिय रीना,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू कदाचित हे पत्र उघडणारही नाहीस. उघडलंस असं समजून लिहिते.

पत्ता छोटूने दिला. तुझा भाऊ आता तुमसरच्या राइस मिलमध्ये लागला आहे, मिशी ठेवली आहे, आणि बोलताना तुझ्यासारखाच खाली बघतो. देवरीकडचं तुझं सासरचं गाव जिल्हा फुटला तेव्हा गोंदियाकडे गेलं, त्यामुळे पिन कोड काय लिहायचा यावर आम्ही दोघांनी पोस्टात बराच वेळ घालवला.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. जवाहरनगरचं फॅक्टरीचं क्वार्टर आमचे हे गेल्यावर सोडावंच लागलं होतं. इथे शहापूरला हायवेपासून थोडं आत दोन खोल्या बांधल्या आहेत. मागे कढीलिंबाचं झाड आहे. त्यावर सध्या मॉर्मन फुलपाखराच्या सात अळ्या आहेत. पाच अजून पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, दोन हिरव्या झाल्या आहेत. शेजारच्या कुंताबाई म्हणतात, "औषध मारा वो मॅडम, झाड खाऊन टाकतील." मी हो म्हणते आणि मारत नाही.

कामाचं लिहिते. आपण दोघी मिळून जी यादी करत होतो ती मी पूर्ण केली आहे. भंडाऱ्यातल्या एका मंडळाने ती पुस्तिका म्हणून छापायचं कबूल केलं आहे. "आपल्या जिल्ह्यातली फुलपाखरं आणि पतंग" असं साधं नाव ठेवलं आहे. शहाऐंशी जाती आहेत. कोण कसं बसतं, पंख मिटून की पसरून, कसं उडतं, मिशांच्या टोकाला गाठ आहे की मिशा पिसासारख्या आहेत, हे सगळं शाळेतल्या मुलांना कळेल अशा भाषेत लिहिलं आहे. तुझी वही माझ्याकडेच राहिली होती. ती मी परत करायला हवी होती. शहाऐंशीपैकी एकतीस जाती आधी तू पाहिल्या होत्यास, मी नाही. पुस्तिकेवर माझ्या नावाशेजारी तुझं नाव घालावं असं मनात आहे.

पक्की प्रत सोबत पाठवते आहे. डोळ्याखालून घाल. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, आणि तुझ्याइतकी चांगली तर ती कधीच नव्हती.

तुझ्या आईला, रेवताबाईंना, वैशाखात अर्धांगवायूचा झटका आला हे छोटूने तुला कळवलं असेलच. डावी बाजू गेली आहे. बोलताना शब्द जड येतात. मी दर पंधरा दिवसांनी खैरीला तुमच्या घरी जाऊन येते. तू दिवाळीनंतर येशीलच. तोवर टसर रेशमाचा कोसा झाडावर असतो, आणि कोसा झाडावर असेपर्यंत तू खैरीत पाऊल ठेवायचं नाही, हे आठ वर्षांपूर्वी ठरलं ते ठरलं. गावाच्या रीतीपुढे मी बाहेरची बाई काय बोलणार?

ईश्वररावांना नमस्कार सांग. मुलीचं नाव काय ठेवलंस ते छोटूला नीट सांगता आलं नाही.

तुझी,
सुलोचना मॅडम

.

शहापूर, २४ जुलै २००९

प्रिय रीना,

तुझं पत्र आलं. आठ वर्षांनी आलेलं पत्र, आणि त्यात नमस्कारसुद्धा नाही. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे:

"मॅडम, पानं पाहिली. तीन चुका आहेत. पान ९. फोटोतलं प्लेन टायगर नाही. एगफ्लायची मादी आहे. मागच्या पंखावर काळा ठिपका एकच आहे, वरच्या काठाला. प्लेन टायगरले तीन-चार असतात, मधात. पान १४ आणि १५. हे दोन वेगळे नाहीत, एकच आहे. पावसाळ्यात पंखाखाली डोळे दिसतात, उन्हाळ्यात वाळल्या पानासारखं होते. मी वहीत लिहिलं होतं. तिसरी चूक टसरच्या पानावर आहे. ते तुम्हाले मालूम आहे. रीना."

पहिल्या दोन चुका मान्य. पान नऊचा फोटो मी भिंग घेऊन पाहिला. ठिपका एकच आहे. एगफ्लायची मादी प्लेन टायगरचं रूप घेऊन फिरते, कारण रुईवर वाढलेलं प्लेन टायगर कडू असतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे मी तीस वर्षं मुलींना शिकवलं आणि स्वतः फसले. शाळेच्या कुंपणाजवळ तू एकदा म्हणाली होतीस ते आठवलं, "मॅडम, हे खोटं हाये. टायगर अशी घाई नाही करत." तू तेव्हा आठवीत होतीस. तुझ्या दोन वेण्या, एकीची रिबीन नेहमी सुटलेली.

पान चौदा-पंधराचंही बरोबर. मोरपंखी डोळ्यांची पॅन्सी. ऋतू बदलला की तिचा पेहराव बदलतो हे मी विसरले नव्हते, पण दोन फोटो इतके वेगळे दिसले की वही उघडून पाहायचा कंटाळा केला.

तिसऱ्याबद्दल. टसरच्या पानावर मी लिहिलं आहे: "चारही पंखांवर एकेक गोल पारदर्शक खिडकी. मादी मोठी, पिवळसर राखाडी. नर लहान, विटकरी, मिशा रुंद पिसासारख्या. पाखराला तोंड नसल्यासारखेच असते; ते काही खात नाही आणि आठवडाभरात मरते." पुढे एक ओळ आहे: "२००१ साली खैरी येथील दुसरे पीक प्रतिकूल हवामानामुळे नष्ट झाले." तुझा रोख या ओळीवर आहे.

त्या वर्षी भाद्रपदात हवा खरोखरच वाईट होती, रीना. आठ-आठ दिवस ऊन नव्हतं. रेशीम खात्याचे साहेब आले होते, तेही हवेबद्दलच बोलले.

माझी चूक मी मानते, ती वेगळी आहे. मी तुला ऐनाच्या रानात न्यायला नको होतं. कोसा करणारे ढिवर त्या दिवसांत काय पाळतात ते मला माहीत होतं. जन्मभर तलावात मासे मारणारी माणसं तीन महिने मासा तोंडात घालत नाहीत, दाढी करत नाहीत, डोक्याला तेल लावत नाहीत, रानातल्या खोपटात राहून अळ्यांवरचे पक्षी हाकलतात, आणि बाईमाणसाला रानाच्या कडेलाही येऊ देत नाहीत. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कुठलंही दार बंद नसतं. तुझं चित्र अडलं होतं, पूर्ण वाढलेल्या अळीच्या अंगावरचे चांदीसारखे ठिपके नेमके कुठे असतात ते तुला पाहायचं होतं. मी म्हणाले, "चल, बघून येऊ." आषाढातला रविवार. ऐनाच्या पानाआड ती हिरवीगार अळी, बोटाएवढी जाड, आणि तिच्या कुशीवर आरसे लावल्यासारखे ठिपके. तू श्वास धरून मोजत होतीस.

तेवढ्यात चिंधूबुवा समोर आले. रानाचा कारभार त्यांच्याकडे. माझ्याकडे पाहिलंच नाही त्यांनी. तुला म्हणाले, "काहून वो पोट्टे, तुह्या बापानं तुले सांगितलं नाही का?"

रानाची रीत दोघींनी मोडली. बोल एकटीला लागला. पीक गेल्यावर जे झालं ते याच्यामुळे झालं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्यापलीकडे त्या ओळीत काय चूक आहे?

काल खैरीला गेले होते. आईंना उशीला टेकवून बसवलं होतं. मला म्हणाल्या, एकेक शब्द ओढून काढत, "रीना... कवा?" तुझे बाबा, मंगरूभाऊ, दारात जाळं विणत होते. ते म्हणाले, "दिवाळी होऊ दे, येते ते." आईंनी उजव्या हाताची बोटं मोजायला घेतली. श्रावण, भादवा, आश्विन. तिसऱ्या बोटाला थांबून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची उशी सारखी करायला घेतली.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही.

सुलोचना मॅडम

.

शहापूर, ९ ऑगस्ट २००९

रीना,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी ख्रिस्ती मुली कन्फेशनला जायच्या. आम्ही बाकीच्या मुली चॅपलच्या व्हरांड्यात दप्तरं सांभाळत बसायचो. आत गेलेल्या मुली बाहेर आल्या की हलक्या दिसायच्या, वेणी नव्याने घातल्यासारख्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. आज साठीला आले तरी ते कसं करतात हे मला माहीत नाही. जमेल तसं लिहिते.

पीक हवेने गेलं नाही. रानात तुझं पाऊल पडलं म्हणूनही गेलं नाही.

ऑगस्ट २००१. पहिलं पीक चांगलं झालं होतं. मंगरूभाऊंनी बियाण्याचे कोसे निवडून माळा करून घरात टांगल्या होत्या. पाखरं निघायला लागली. मी एका मासिकात वाचलं होतं की टसरला एक रोग असतो, पेब्रीन. तो आईच्या पोटातून अंड्यात जातो. अंडी घालून झालेल्या मादीच्या शेपटाचा तुकडा पाण्यात खलून तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळून टाकायची. मीच मंगरूभाऊंना म्हणाले, "आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. मी पाहून देते." ते म्हणाले, "पाहा जी मॅडम. तुमच्या हातचं म्हंजे पक्कं." मग आजूबाजूच्या चार घरांनीही आपली पाखरं आणून दिली. सगळं रान माझ्या एका काचेवर आलं.

प्रयोगशाळेत टेबलावर चाळीस द्रोण. प्रत्येकात एका मादीची अंडी, आणि चिठ्ठीवर नंबर. तू खलत होतीस, काचपट्टी लावत होतीस, मी पाहत होते. दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मान दुखायला लागली म्हणून मी तुला बघायला बसवलं. सत्ताविसावी मादी. तू बराच वेळ डोळा लावून होतीस. मग म्हणालीस, "मॅडम, इथं काय चमकून राहिलं? तांदळाच्या कणीसारखं. हलून राहिलं."

मी वाकून पाहिलं. अंडाकृती, काचेसारखे चमकणारे दाणे. आठ-दहा.

मी म्हणाले, "चरबीचे थेंब आहेत."

तू म्हणालीस, "थेंब गोल राहते ना जी? हे लांबट हाये."

आणि मी, जिने तुला प्रश्न विचारायला शिकवलं, ती म्हणाले, "रीना, मी बीएस्सी आहे. पुढची काच लाव."

तू पुढची काच लावलीस. पुढे पाच माद्यांच्या थेंबापाशी तू थांबलीस, मला जाणवत होतं. पण विचारलं नाहीस पुन्हा. मी चाळीसच्या चाळीस नंबरांपुढे बरोबरची खूण केली.

मला खरंच चरबीचे थेंब वाटले का? हा प्रश्न मी स्वतःला आठ वर्षं विचारते आहे. मला वाटतं, पाहताक्षणी शंका आली होती. पण तुझ्या बापाला आणि त्या चार घरांना मी काय सांगणार होते, की मी तो रोग कधी डोळ्यांनी पाहिलाच नाही, फक्त वाचला आहे? आणि तो तू आधी पाहिलास, मी नाही, हे मला आवडलं नाही. एवढं साधं कारण. दहावीच्या पोरीने माझ्याआधी पाहिलं.

अजून आहे. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

अळ्या निघून दहा-बारा दिवस झाल्यावर मंगरूभाऊंनी शाळेत निरोप पाठवला की अळ्या लहान-मोठ्या होऊन राहिल्या, अंगावर मिरी भुरभुरल्यासारखे काळे डाग पडून राहिले. मी भंडाऱ्याला जाऊन एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून पुस्तक आणलं. त्यात चित्र होतं. अंडाकृती, चमकणारे दाणे. मी प्रयोगशाळेत एकटीच बसून त्या पानाकडे पाहत राहिले. तो मंगळवार होता. गुरुवारी चिंधूबुवांनी तलावाच्या बांधावर, पाळीवर, कोसा करणाऱ्या घरांना बोलावलं, आणि त्या बैठकीत ठरलं की रानाला विटाळ झाला, आषाढात मंगरूच्या पोरीचं पाऊल पडलं.

मी त्या बैठकीला होते. तुला आठवत असेल, पाळीच्या टोकाला आंब्याखाली उभी होते, हातात पर्स. तू आईच्या पदराआड बसली होतीस. चिंधूबुवांनी विचारलं, "मॅडम, तुमचं काय म्हणणं?" मी म्हणाले, "हवेमुळेही होऊ शकतं."

पुस्तक माझ्या पर्समध्ये होतं.

त्यानंतर तू शाळेत आली नाहीस. दहावीचा फॉर्म मी भरला होता, तो तसाच राहिला. सतरावं लागायच्या आत तुझं लग्न करून दिलं. मी आहेर म्हणून साडी पाठवली, स्वतः आले नाही.

हवेची ती ओळ मी खोडली आहे. पण पुस्तिकेतली ओळ खोडून खैरीच्या लोकांच्या मनातली ओळ खोडली जात नाही, एवढं मला कळतं. तुझी आई बोटं मोजते आहे. मी जाऊन सांगणार आहे.

सुलोचना

.

शहापूर, १८ ऑगस्ट २००९

रीना,

गेले होते. सांगता आलं नाही.

मंगरूभाऊ घरी होते, सत्तरी ओलांडल्यासारखे दिसतात, आहेत पंचावन्नचे. पहिलं पीक निघालं आहे. आढ्याला बियाण्याच्या कोशांच्या माळा टांगल्या आहेत. दोन पाखरं निघून माळेवरच बसली होती, पंख वाळवत. मी विषय काढायला म्हणून म्हणाले, "यंदा पाखरं कोण तपासतं?"

ते हसले. "कोन तपासते जी आता? देवाचं नाव घेतो अन् ठेवतो."

माझ्यानंतर त्यांनी कोणालाच पाखरं दाखवली नाहीत. आठ वर्षं. तीन वर्षं पीक अर्धं आलं, एकदा आलंच नाही.

मी चहा घेतला. आईंचे केस विंचरून दिले. निघताना फाट्यापर्यंत मंगरूभाऊ सोडायला आले. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा वेगळंच काही बोलले, एकदा बसच्या वेळेबद्दल, एकदा पोळ्याच्या बैलांबद्दल. त्यांच्याकडे बैल नाहीत.

तुला हे लिहिण्याचं कारण एवढंच, की मागच्या पत्रातल्या "सांगणार आहे" वर तू विसंबून राहू नयेस. पोळा झाला की पाळीवर सगळी घरं जमतात, दुसऱ्या पिकासाठी रान वाटून घ्यायला. तेव्हा पुन्हा जाईन. पुस्तक घेऊन जाईन.

सुलोचना

.

शहापूर, २७ ऑगस्ट २००९

प्रिय रीना,

परवा सांगितलं.

पाळीवर अकरा घरचे पुरुष होते. चिंधूबुवा आता काठी घेऊन बसतात, पण आवाज तसाच. मी म्हणाले मला बोलायचं आहे, तर कोणीतरी गमतीने म्हणालं, "मॅडम पेन्शनीत गेल्या, आता कोसा करतील काय?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग पुस्तक उघडून ते चित्र चिंधूबुवांच्या हातात दिलं.

काही न वगळता सांगितलं. सत्ताविसावी मादी, तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, मंगळवारी काय पाहिलं आणि गुरुवारी काय म्हणाले. माझं बोलणं संपलं. पाळीखाली म्हशी पाण्यात होत्या, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

पहिला हिरालाल बोलला. त्याच्या घरची पाखरंही त्या चाळिसात होती. "आठ साल, मॅडम? आठ साल तुम्ही आमच्या घरी चहा पिऊन राहिल्या?"

मी म्हणाले, "हो."

"माहा बाप त्या साली कोशापायी झुरला. मरेपर्यंत त्या पोरीले शिव्या देऊन राहिला."

त्याने चप्पल घातली आणि तो उठून गेला. अजून मला भेटलेला नाही. भेटू नये असंही मला वाटतं, आणि भेटावं असंही.

चिंधूबुवांना मी समजूतदार म्हणून रंगवणार नाही. ते म्हणाले, "रोग असंल. पण पोट्टी रानात गेली ते बी खरंच ना?" मी म्हणाले, "मीही गेले होते. मला का नाही अडवलं?" ते म्हणाले, "तुम्ही मॅडम." एवढंच. जणू त्यातच सगळं आलं. आणि आलंच होतं.

आता जे लिहायचं आहे ते तुला माहीत आहे, मला नव्हतं.

सगळ्यांच्या देखत मी मंगरूभाऊंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, "मले मालूम होतं जी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"पोरीनं त्याच दिवशी सांगितलं होतं मले. शाळेतून आली अन् म्हणे, बाबा, सत्तावीस नंबर ठेवू नोको, त्यात काहीतरी हाये. म्या म्हटलं, मॅडम काय म्हणतात? पोरगी म्हणे, मॅडम म्हणतात चरबी. त म्या तिलेच दटावलं. मॅडमपेक्षा तुले जास्त समजते काय, म्हटलं." ते पुढे म्हणाले, "मंग बैठकीत ते उठून बोलणार होती. म्या हात दाबला तिचा. त्या साली आमच्या गावच्या चौदा पोट्ट्या तुमच्या शाळेत जाऊन राहिल्या होत्या. मॅडमचं नाव निघालं असतं, त चिंधूनं साऱ्याच घरी बसवल्या असत्या. म्या म्हटलं, एकीचं गेलं त गेलं." मग माझे हात सोडून म्हणाले, "मी बाप हाव का कोन हाव, ते मले अजून नाही समजलं."

रीना, आठ वर्षं मी समजत होते की तुला कळलंच नव्हतं. आणि कळलं असेल तर माझ्यावरच्या मायेने गप्प राहिलीस असं स्वतःला सांगून मी त्याचंही सुख घेत होते. तुझा हात दाबला गेला होता हे मला दिसलं नाही. मी आंब्याखाली होते, तुझ्यापासून वीस पावलांवर. तू सोडून त्या तेरा मुलींपैकी किती जणी दहावीपर्यंत पोचल्या हे मी काल शाळेच्या रजिस्टरात पाहिलं. चौघी. हा आकडा मी तुला समाधान म्हणून सांगत नाही. तुझं काय गेलं त्याच्यासमोर मांडण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. तू क्षमा करावीस असं मी मागत नाही, आणि या पत्राला उत्तर लिहू नकोस.

चिंधूबुवा सगळं ऐकत होते. पुस्तक मांडीवरच होतं. त्यांना वाचता येत नाही. ते चित्रावरच्या दाण्यांवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "मंगरू, पाखरं किती निघाली?"

"तेरा, आतापावतर."

"अन् हे असं," चित्रावर बोट ठेवून, "हे आता कोनाले दिसन? मॅडमले त दिसत नाही."

कोणीतरी हसू दाबलं. मीही खाली पाहिलं.

"पोट्टीचा डोळा बराबर होता," ते म्हणाले. "बोलवा तिले. पण रानात पाय नाही ठेवायचा. अंगणात बसून पाहावं." आणि काठी टेकून उठताना, कोणाकडेच न बघता, "लेकरू घेऊन ये म्हणा."

एवढंच त्यांच्याकडून निघालं. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. तुला बोलावतात ते त्यांच्या गरजेसाठी, हेही मला दिसतं. तू म्हणू शकतेस की आता कशाला. पण दिवाळीपर्यंत थांबायचं आता कारण राहिलं नाही, आणि आईंच्या बोटांवर अजून दोन महिने आहेत.

शाळेचा जुना सूक्ष्मदर्शक मी हेडमास्तरांकडून लिहून देऊन घेतला आहे. काचा स्वच्छ करून खैरीला तुझ्या घरी पोचवला आहे. खल, काचपट्ट्या, ड्रॉपर सोबत आहे. पुस्तकही तिथेच ठेवलं आहे. तुझी वही सोबतच्या पुडक्यात आहे. तिच्यात मी काही लिहिलेलं नाही. पुस्तिकेच्या प्रतीवरून मी माझं नाव काढलं आहे. त्यावर तुझं घालायचं की कोणाचंच नाही, हे तू मंडळाला कळव. पत्ता मागे लिहिला आहे. ती छापू नये असं वाटलं तरी तसं कळव.

देवरीहून सकाळी निघालीस तर साकोलीला बस बदलावी लागेल. दुपारी तीनपर्यंत फाट्यावर पोचशील. छोटू सायकल घेऊन उभा असेल. तू असेपर्यंत मी खैरीला येणार नाही. ज्याच्याकडे पाहून जपून बोलावं लागेल असं तुझ्या घरात कोणी नको.

आईंना तू येणार म्हणून अजून कोणी सांगितलेलं नाही. आधी सांगितलं आणि तू आली नाहीस तर, म्हणून. आलीस की त्यांच्या उजव्या हाताला बस. डावीकडून कोणी बोललं तर त्यांना कळत नाही, आणि त्या दुसरीकडेच पाहत राहतात.

सुलोचना